एकही भोक न पाडता

आमच्या घरात दोन गोष्टींना हात लावायची कुणाची टाप नव्हती. एक आईचं विरजण आणि दुसरा दादांच्या गाडीतला रेडिओ. विरजणाला मी एकदा बोट लावलं होतं, ती गोष्ट दोन दिवस माझ्या गालावर वाचता येत होती. रेडिओला हात लावायला मात्र एकोणीस वर्षांची होईपर्यंत थांबावं लागलं, आणि लावला तो असा लावला, की चिंचवड गावठाणातली निम्मी आळी पाण्याच्या बादल्या घेऊन धावली.

दादा म्हणजे माझे वडील. चाकणच्या पलीकडे आमचं गाव, तिथे भाऊबंदांत विभागलेली दोन तुकडे जमीन. ती सोडून ते ड्रायव्हर म्हणून इकडे आले आणि एका कारखान्यातल्या परदेशी साहेबाची गाडी चालवायला लागले. साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा जाताना ती गाडी, तेव्हाच म्हातारी झालेली, दादांच्या हवाली करून गेला. पुढे दादा कंपनीची कामगारांची बस चालवायचे, पण जीव या गाडीत. आम्ही दोन खोल्यांत राहत होतो आणि दारातली ती फिकट निळी, फुगीर गालांची गाडी आमच्या घरापेक्षा मोठी दिसायची. रविवारी तिला आंघोळ, गावाकडे कुणाचं लग्न निघालं की नवरदेवाला बसवायला ती, एरवी गोधडी पांघरून उभी. आत मधोमध तो रेडिओ. दोन बाजूंना दोन गोल खुंट्या, डावी आवाजाची, उजवी स्टेशन फिरवायची, आणि मध्ये हस्तिदंती रंगाची पाच बटणं. साहेबाने ती बटणं आपल्या देशातल्या कुठल्या स्टेशनांवर लावून ठेवलेली होती देव जाणे, पण आमच्या इथे चार बटणांवर एकच पुणे केंद्र कमीजास्त खरखरत लागायचं आणि पाचव्यावर नुसताच शुकशुकाट. तरी दादा दर रविवारी पाचही बटणं एकेकदा दाबून बघायचे. म्हणायचे, ‘‘यंत्राला इसरलो तर यंत्र आपल्याला इसरतं.’’

घड्याळ आमच्याकडे होतं, पण घर चालायचं कारखान्यांच्या भोंग्यांवर. सातचा भोंगा वाजला की चहाचं आधण उतरायचं, तीनचा वाजला की आई पाठ टेकायची. भाकरी थापल्याचा थप्‌ थप्‌ आवाज, खाली स्टोव्हची भरभर, मागे लोहमार्गावरून जाणाऱ्या गाडीची थरथर, आणि या सगळ्यावर माझा आवाज. मला तेव्हा फार बोलायचं असायचं. आयटीआयमध्ये रेडिओ मेकॅनिकच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो, आणि दुसरीने लग्न ठरल्यावर कोर्स सोडला. तेव्हापासून मी स्वतःला महाराष्ट्रातली एकमेव समजत होते. भरीत वाढताना मी आईला कंडेन्सर समजावून सांगायचे. आई म्हणायची, ‘‘व्हय व्हय, आदी मीठ हाय का बघ त्येच्यात.’’ घरातले सगळे ‘न्हाई’ म्हणत, मी कोर्सला गेल्यापासून ‘नाही’ म्हणायला लागले होते. वेणीत पेन्सिल खोचून हिंडायचे. आज कुणी अशी मुलगी माझ्यासमोर आली, तर तिची ती पेन्सिल काढून तिच्याच डोक्यात मारीन.

तर एका मंगळवारी पत्र आलं. भोसरीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंगला मुली घेत होते. सोमवारी सकाळी सातला हजर व्हा, असं टाइप केलेलं. मी ते पत्र तीन वेळा मोठ्याने वाचलं. दादांनी भाकरी ताकात कुस्करली आणि म्हणाले, ‘‘राजगुरुनगरचे पाव्हणे येत्या आयतवारच्या म्होरल्या आयतवारी येनार हायेत. पोरगा तालुक्याला हाय. भोंग्यावर जायाचं काम बापय मान्साचं.’’

आता इथे शहाण्या मुलीने गप्प बसून आईकरवी बोलणी केली असती. मी काय केलं? मी म्हणाले, ‘‘पोरगा तालुक्याला आहे, पण त्याला रेडिओ दुरुस्त करता येतो का?’’

‘‘तुला येतो?’’

‘‘दुरुस्तच काय, मामाचा टेप तुमच्या गाडीत बसवून दाखवते.’’

या मामाच्या टेपबद्दल सांगायला हवं. आईचा धाकटा भाऊ आखातात कामाला गेला होता. पहिल्या सुट्टीत तो घरी गाडीत बसवायचा कॅसेट टेप घेऊन आला. त्याच्याकडे गाडी नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. का आणलास विचारलं तर म्हणाला, दुकानात सगळ्यात जास्त हाच चमकत होता. जाताना तो आमच्याकडे ठेवून गेला आणि पुढे पत्राऐवजी कॅसेटमध्ये बोलून पाठवायला लागला. ती पहिली कॅसेट ऐकायला आई एकदा स्टेशनाजवळच्या बाळू वायरमनच्या दुकानात गेली होती. तिथे चार गिऱ्हाइकं तोंडाकडे बघत उभी. भावाचा आवाज सुरू झाल्याबरोबर आईने पदर डोळ्यांना लावला आणि तशीच उठून घरी आली. कॅसेट ट्रंकेत पडून राहिली, टॉवेलात गुंडाळलेल्या टेपाशेजारी.

हाच बाळू एकदा दादांना म्हणाला होता, ‘‘काका, टेप बसवायचा तर हा जुना डबा काढून टाकायचा, चौकोन मोठा कापायचा. पत्रा कापल्याबिगर टेप बसतच नाय. हॅकसॉ घेऊन येतो, दोन तासांत मोकळे.’’ दादांनी त्याला चहा न देता वाटेला लावलं होतं. आमच्या घरातून चहा न पिता गेलेला तो एकमेव माणूस.

त्यामुळे मी बसवते म्हटल्यावर दादा हसले. मग हसायचे थांबले. ‘‘बसव. पर येक भोक पडता कामा न्हाई. जुना रेडिओ जाग्यावर पायजे. ह्याच दोन खुट्ट्या, हीच पाच बटनं, त्याच्यावरच तुझा टेप चालला पायजे. आयतवार सांजंपतोर झालं, तर सोमवारी जा कंपनीत, मी न्हाई म्हननार न्हाई. न्हाई झालं, तर पाव्हण्यांम्होरं मुकाट्यानं पवं घिऊन यायचं आन्‌ ह्ये इद्युतबिद्युत बोलायचं न्हाई.’’

‘‘विद्युत म्हणतात त्याला,’’ मी म्हणाले. पैज लागलेली असताना वडिलांचा शब्द सुधारणारी मुलगी मी होते.

परवाच माझी नात ऋचा तिची बारा वर्षांची जुनी गाडी घेऊन थेरगावला डांगे चौकाजवळच्या एका दुकानात गेली होती. तिला नकाशा दाखवणारा मोठा स्क्रीन हवा होता. मीही गेले, अशा ठिकाणी मला कुणी बोलवावं लागत नाही. फिटर म्हणाला, ‘‘आजी, स्क्रीन बसतो, पण स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं बंद पडणार. आता कोण वापरतं ती? स्क्रीनवर बोट लावायचं.’’ मी म्हटलं, ‘‘बोट स्क्रीनवर, मग चाकणच्या ट्रॅफिकमधला कंटेनर कोण बघणार, तुझे तीर्थरूप?’’ तो कानाची पाळी धरून हसला आणि आतून काडेपेटीएवढी एक डबी घेऊन आला. जुन्या बटणांचं म्हणणं नव्या स्क्रीनला समजावून सांगणारी दुभाषी डबी. वीस मिनिटांत काम झालं. मी ती डबी हातात धरून बघत बसले, तेव्हा ऋचा म्हणाली, ‘‘आज्जी, रडतेस काय?’’ रडत नव्हते. माझ्या वेळी ही डबी कुठे होती, म्हणून जळत होते.

कारण माझ्या वेळी होती फक्त माझी वही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी त्या वहीत सुंदर आकृत्या काढल्या, रंगीत पेन्सिलींनी. गाडीजवळ काही गेले नाही. शनिवारी दुपारी दादा बसवर होते तेव्हा टेप घेऊन गाडीत शिरले. आधी नुसता वाजवून बघू म्हटलं. टेपाची लाल तार गाडीतल्या विजेच्या तारेला पिळली, काळी तार पत्र्याला लावली. फ्यूज सापडेना, म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळली. हे लिहिताना माझे कान आजही गरम होतात, कारण असं करणाऱ्या पोरांना पुढे तीस वर्षं मीच कामावरून घरी धाडत आले. आळीतली चारपाच बायामाणसं जमलेली. मी त्यांना म्हणाले, ‘‘जरा मागे सरका, वीज आहे.’’ आणि चावी फिरवली.

आधी वास आला. मग डॅशबोर्डाखालून पांढरा धूर, बारीक, उदबत्तीसारखा, आणि लगेच होळीसारखा. मी ओरडले की नाही आठवत नाही. ज्यांनी ऐकलं ते सांगतात की ‘आई गं’ काळेवाडीपर्यंत गेलं. बादल्या आल्या. आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिने आधी बादलीवाल्यांना थोपवलं, ‘‘पानी नगा वतू, ह्यांची शीट भिजंल!’’ मग मला दंडाला धरून बाहेर ओढलं. तार जळून तुटली आणि धूर आपोआप थांबला. बाळू वायरमन गर्दीत होताच. म्हणाला, ‘‘ताई, हॅकसॉ आणू?’’

गर्दी पांगल्यावर मी पहिल्यांदा बॉनेट उघडलं. खरं म्हणजे तेच पहिलं काम. गाडीत बॅटरीचं एक टोक थेट पत्र्याला जोडलेलं असतं, सगळा पत्रा म्हणजे एक मोठी तारच. ते टोक मायनसचं असतं, असं माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केलेलं होतं. या गाडीत पत्र्याला जोडलेली वेणीसारखी पट्टी प्लसवरून निघाली होती. जुन्या काही परदेशी गाड्या तशाच असत. माझ्या वहीला ते ठाऊक नव्हतं. मी टेपाच्या दोन्ही तारा बरोबर उलट जोडल्या होत्या.

दादा आले. त्यांना आळीच्या तोंडापासूनच सगळं कळत आलं होतं. गाडीभोवती एक फेरी मारली, वास घेतला आणि जेवायला बसले. मी समोर उभी.

‘‘दादा, गाडीत प्लस पत्र्याला आहे.’’

‘‘हाय की. सायबानं पैल्या दिशी बॉनेट उघडून दावलं हुतं. धा वर्सं ध्येनात ठिवलंय.’’

‘‘मग मला का नाही सांगितलंत?’’

‘‘तू इचारलंस कदी?’’

चौथी पास माणसाला मी विजेतलं काय विचारणार, असं माझ्या मनात होतं आणि ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. आईने मध्येच भाकरी वाढली, नको असताना. शेवटी मी म्हणाले, ‘‘रेडिओ बाहेर कसा निघतो?’’ आणि चुकून ‘‘सांगा न्हाई तर राहू द्या’’ म्हणाले. तो ‘न्हाई’ ऐकून दादांच्या मिशा हलल्या. हात धुऊन उठले, टॉर्च घेतला. ‘‘हात लावनार न्हाई मी. पैज हाय. उजेड तेवढा धरतो.’’ आणि मग त्या संध्याकाळी नुसता उजेड धरून, कुठली खुंटी आधी ओढायची, कुठला नट उलटा फिरतो, कुठली तार कुठून कुठे जाते, हे त्यांनी मला इतकं बारकाईने सांगितलं, की माझ्या वहीच्या सगळ्या रंगीत आकृत्या मला डोहाळजेवणाच्या रांगोळ्यांसारख्या वाटायला लागल्या.

टेप मेला नव्हता. वीज उलटी आली तर आडवा येणारा आतला एक इवलासा डायोड स्वतः जळून त्याला वाचवून गेला होता. माझ्या खोक्यात तसा दुसरा होता. खरी पंचाईत वेगळीच. टेपाचं लोखंडी अंग मायनसचं आणि गाडीचा पत्रा प्लसचा, म्हणजे दोघांचा एकमेकांना स्पर्श झाला की पुन्हा होळी. आवाजाची सोय झाली. एका मेलेल्या छोट्या रेडिओतला बोराएवढा ट्रान्सफॉर्मर मी मध्ये घातला. भांडलेल्या जावा एकमेकींच्या घरात पाऊल टाकत नाहीत, पण भिंतीवरून कालवणाची वाटी देतात, तसा तो तारेला तार न शिवता आवाज तेवढा पलीकडे पोचवतो. तिथून दोन तारा जुन्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीमागे जोडल्या. रेडिओ रिकाम्या जागी लावला की टेप ऐकू येणार, आणि पाचव्या बटणाइतकी रिकामी जागा साऱ्या पुणे जिल्ह्यात नव्हती. तेच टेपाचं बटण. हे मला सुचलं तेव्हा मी गाडीतच टाळी वाजवली.

पण टेप ठेवायचा कशावर? डॅशबोर्डाखाली उघडी फळी होती, तीही पत्र्याची. पुठ्ठा घातला, तो धक्क्याने सरकला. स्लिपरच्या पट्ट्या घातल्या, त्या दबल्या आणि ठिणगी उडाली. रविवारची दुपार व्हायला आली होती. मी स्टोव्हपाशी येऊन बसले. आई आमच्यासाठी भाकरी थापत होती.

‘‘काय पायजे तुला त्याच्याखाली?’’

‘‘लाकूड. घट्ट, सपाट, आणि पत्र्यापासून बोटभर वर राहील असं.’’

आईने हात धुतले. फळीवरचा पोळपाट काढला, बाभळीचा, तीन पायांचा, लग्नात माहेराहून आलेला. पुसून माझ्या मांडीवर ठेवला.

‘‘अगं, यात स्क्रू मारावे लागतील.’’

‘‘मार की. भाकरीला पोळपाट लागत न्हाई. चपात्या लागतात पाव्हण्यांस्नी.’’ आणि परत परातीकडे वळत, जणू पिठाशीच बोलावं तशी म्हणाली, ‘‘घरात पोळपाटच नसंल, तर पाव्हण्यांस्नी कशाला बलवायचं म्हन्ते मी.’’

मला वाटलं, आईला लाकडातलं कळतं. एवढंच वाटलं. महाराष्ट्रातली एकमेव रेडिओ मेकॅनिक इतकी हुशार होती.

टेप पोळपाटावर चार स्क्रूंनी बसला. पोळपाट फळीवर ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी असा आवळला, की हलेना. चारच्या सुमाराला दादा धुतलेला सदरा घालून, परीक्षक येतात तसे आले. आई पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसली, ट्रंकेतली कॅसेट हातात घेऊन. मी ती टेपात सरकवली. दादांनी डावी खुंटी फिरवली. काही नाही. पाचवं बटण दाबलं. काही नाही. जुना रेडिओ गरम व्हायला अर्धं मिनिट घेतो हे मला माहीत होतं, पण त्या अर्ध्या मिनिटात मी राजगुरुनगरला जाऊन दोन मुलांची आई होऊन परत आले. आणि मग, जुन्या स्पीकरच्या जाळीतून, मोठ्याने:

‘‘दाजी, रामराम!’’

‘‘रामराम, रामराम, बोला,’’ दादा म्हणाले आणि सीटवरच सावरून बसले. मग लक्षात आलं, तसे खिडकीबाहेर बघायला लागले. आई तोंडात पदर कोंबून हसत होती. मामा खुशाल होता. तिकडे ऊन फार होतं. खोलीत सहा जण होते. ‘‘ताई, हितं समदं मिळतं बघ, पर तुझ्या हातची चपाती न्हाई,’’ असं तो म्हणाला मात्र, आई हसता हसता रडायला लागली, आणि यावेळी उठून गेली नाही. दादांनी हळूच डावी खुंटी फिरवून आवाज वाढवला. पहिल्या बटणावर पुणे केंद्र. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यावर तेच. पाचव्यावर मामा. इंजिन सुरू केलं तर मामाच्या मागे एक डास गुणगुणायला लागला. तो मला तेव्हा काढता आला नाही आणि पुढे कधीच आला नाही, हेही लिहून ठेवते.

मग दादा पाठीवर झोपून डॅशबोर्डाखाली शिरले. टॉर्च फिरला, बोटं पत्र्यावरून फिरली, इंच इंच. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

‘‘ह्यो पोळपाट हाय,’’ आतून आवाज आला.

‘‘व्हय, माजा हाय,’’ आई म्हणाली.

‘‘भोकं पाडलीत की चार.’’

‘‘पोळपाटाला. बोली गाडीची झाली हुती.’’

दादा बाहेर आले. सदऱ्याला ग्रीस लागलं होतं. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे, आणि त्या दुसऱ्या बघण्यात ते जरा जास्तच थांबले. मला तेव्हा कळलं नाही, पण त्यांना कळलं होतं, की ही पैज ते दोघींशी हरले होते. ‘‘सातला भोंगा हाय,’’ म्हणाले. ‘‘साडेसहाला तयार ऱ्हा.’’

सोमवारी त्यांनी गोधडी काढून गाडी बाहेर घेतली. मी साडीची घडी सांभाळत पुढे बसले. फाटकाशी बाकीच्या मुली पायी, सायकलवर येतील आणि मी या निळ्या गाडीतून उतरेन, याचा सगळा देखावा मी रात्रभर ठरवून ठेवला होता. कारखान्याच्या अलीकडे, वळणावरच दादांनी गाडी थांबवली.

‘‘फाटक पुढे आहे की!’’

‘‘हितनं चालत जा. गाडीतनं उतरल्याली पोरगी त्येंला कामाची वाटायची न्हाई.’’ मग खिशातून रुमालात बांधलेली भाकरी काढून दिली. ‘‘आन्‌ तितं कळलं न्हाई तर इचार. कुनालाबी इचार. झाडूवाल्यालाबी.’’

मी निघाले. मागे वळून पाहिलं नाही, असं लिहिणार होते, पण या वयात खोटं कशाला? तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा भोंगा वाजत होता, मुली फाटकातून पळत होत्या, आणि दादा अजून वळणावरच होते, मान वाकवून एकेक बटण दाबून बघत.